झोपलेल्या भागीदाराची जबाबदारी

दाजींचं खरं नाव ट्रक-तळावर कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचा मेहुणा त्यांना दाजी म्हणायचा, आणि मेहुण्याचा आवाज असा की तळाच्या एका टोकाला त्याने हाक मारली तर दुसऱ्या टोकाची माणसं वळून बघायची. ऐकून ऐकून हमाल, टायरवाला, वजनकाट्यावरचा कारकून, सगळेच त्यांना दाजी म्हणू लागले. मेहुण्याला त्या आवाजापायी भोंगा हे नाव पडलं होतं. तो वयाने दाजींहून लहान, अंगाने दुप्पट, आणि कोणी काही मागितलं तर नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

दोघं मिळून एकच ट्रक चालवत. एक चालवायचा तेव्हा दुसरा सीटमागच्या फळीवर झोपायचा. पल्ला लांबचा, त्यामुळे गाडी थांबायची ती डिझेलला, जेवायला आणि माणूस बदलायला. इतकी वर्षं एका गाडीत काढूनही दोघं एकदम जागे असे थोडाच वेळ असायचे. दाजी खाली उतरून तोंडावर पाणी मारायचे, तोवर भोंगा स्टेअरिंगवरून फळीवर सरकायचा, "पुढचा पूल अरुंद आहे, तिसऱ्यात टाकताना जरा दमानं," एवढं सांगायचा आणि बोलता बोलता घोरू लागायचा. त्यांचं सगळं नातं अशा सांध्यांवर उभं होतं.

फळीवरची झोप दाजींना घरच्या झोपेपेक्षा जास्त आवडायची, पण हे ते बायकोला सांगत नसत. तिथे पडलं की इंजिनाची घरघर खालून पाठीत शिरायची आणि हळूहळू आपली पाठ कुठली आणि गाडी कुठली हे कळेनासं व्हायचं. भोंगा कसा चालवतो ते त्यांना झोपेतही कळायचं. चढावर तो गिअर उशिरा बदलतो, वळणाआधी ब्रेकवर नुसता पाय टेकवतो. स्वप्नात हे सगळं दुसरंच रूप घेऊन यायचं. चढ लागला की ते स्वप्नात जिना चढत असायचे, उतार लागला की नावेत बसलेले असायचे. एकदा मोठा सरळ रस्ता लागला होता तेव्हा ते एका ओळखीच्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नुसते चालत राहिले होते, आणि प्रत्येक खोलीची खिडकी उघडी होती. जाग यायची ती वेगळ्याच मुलखात, वेगळ्याच उजेडात.

"कुठे आलो रे?"

"पोचतोय," भोंगा म्हणायचा. तो कुठेही असला तरी पोचतच असायचा.

ट्रक एका म्हाताऱ्या मालकाचा होता. त्यांचे गुडघे गेले, लेकीकडे राहायला जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी दोघांना बोलावून सांगितलं, "गाडी तुम्हीच घ्या. दुसऱ्याला दिली तर तो तिच्या अंगावर काहीतरी रंगवेल." दोन्ही घरांत जे काही साठलं होतं ते एकत्र झालं, बाकीचे हप्ते ठरले. आणि मग ज्यांचा माल ते सगळ्यात जास्त वाहायचे त्या रोपवाटिकेच्या व्यवस्थापकाने एक अट घातली. आता गाडी तुमची म्हणता, तर वर्षाचं कंत्राट देतो; पण आम्ही कंत्राट धंद्याशी करतो, माणसाशी नाही. धंद्याची नोंदणी करून या.

नोंदणी करायची तर कशाची, हे विचारायला दोघं वकीलबाईंकडे गेले.

वकीलबाईंचं कार्यालय जुन्या टायरांना नवा थर चढवणाऱ्या दुकानाच्या माडीवर होतं. जिन्यात तापलेल्या रबराचा वास दाटलेला होता. त्यांचं वय पन्नाशीच्या आसपास, चष्मा साखळीला लटकवलेला, आणि समोरचा माणूस बोलत असताना पेन्सिलीने टेबलावर हळूच ठोके देण्याची सवय. त्यांनी दोघांना बसवलं. भोंगा बसल्यावर खुर्ची कुरकुरली.

"सगळ्यात सोपं म्हणजे एकाच्या नावावर करायचं," वकीलबाई म्हणाल्या. "समजा, दाजींच्या. मग धंदा म्हणजे दाजी आणि दाजी म्हणजे धंदा. नफा त्यांचा, कर्जही त्यांचं. तुम्ही त्यांचे पगारी ड्रायव्हर."

"झालं तर मग," भोंगा म्हणाला. "तसंच करा. कागद बघितला की मला खाज सुटते."

"पण दाजी गेले की धंदाही गेला."

भोंग्याने दाजींकडे पाहिलं. "तुम्ही कुठे निघालात?"

"भागीदारीही करता येते," वकीलबाई पुढे म्हणाल्या. "दोघंही मालक. पण एकाने शब्द दिला की तो दुसऱ्यानेही दिला असंच धरतात. एकाने उधारी केली तर देणं दोघांच्या डोक्यावर. धंद्यातून वसूल झालं नाही तर कोणाच्याही घराला हात घालता येतो."

"मी झोपलेलो असलो तरी?" दाजींनी विचारलं.

पेन्सिलीचे ठोके थांबले. वकीलबाईंना वाटलं हा माणूस गंमत करतोय, पण दाजींचा चेहरा गमतीचा नव्हता.

"झोपलेल्या भागीदाराची जबाबदारी जाग्या भागीदाराइतकीच असते," त्या म्हणाल्या. "कायदा झोपेची सवलत देत नाही."

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून एका पुरुषाने स्टेपलर मागितला. वकीलबाई उठून देऊन आल्या. "माझा भागीदार," त्यांनी सांगितलं. "आधी नवराही होता. लग्न मोडलं, पण भागीदारी मोडायचा मसुदा काही आमच्याकडून अजून पुरा होत नाही." मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "राहिली कंपनी. कंपनी म्हणजे कायद्याच्या नजरेतला एक वेगळाच माणूस. ट्रक त्याचा, कंत्राट त्याचं, कर्ज त्याचं. बुडायची वेळ आली तर तो बुडतो, तुमची घरं सहसा वाचतात. सहसा म्हणते, कारण बँक तुमचा वेगळा जामीन मागेल, तेव्हा वाचून सही करा. आणि गाडी चालवताना कोणाला धडक दिलीत, तर कंपनी काही तुमच्याऐवजी तुरुंगात जाऊन बसणार नाही."

"हा तिसरा माणूस जेवतो का?" भोंग्याने विचारलं.

"दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. त्याची फी खातो."

विचार करून सांगतो म्हणून दोघं जिना उतरले. भोंग्याच्या लेखी विषय संपला होता. दाजी मात्र रबराच्या वासातून बाहेर आले तेच काहीतरी बरोबर घेऊन.

त्या दिवशी संध्याकाळी गाडी निघाली तेव्हा भोंगा चालवायला बसला आणि दाजी फळीवर पडले. मावळतीचा उजेड केबिनच्या छतावर सरकत होता. एरवी तो उजेड छताच्या मधोमध येईपर्यंत त्यांना झोप लागलेली असायची. भोंग्याचा फोन वाजला. तो कानात यंत्र घालून बोलायचा, पण त्या आवाजाला यंत्राने काय फरक पडणार? "हो हो, आणतो की. वाटेतच आहे, टाकतो तुमच्या दारात." थोड्या वेळाने आणखी कोणीतरी. "घेऊन जा ना ताडपत्री, विचारायचं काय त्यात? दे सवडीने." मग आणखी एक. "उद्या? होईल, होईल."

हे बोलणं दाजींनी आजवर समोरून जाणाऱ्या गाड्यांच्या हॉर्नसारखंच ऐकलं होतं. आता प्रत्येक हो त्यांच्या छातीवर येऊन बसू लागला. हा हो माझाही आहे, ते मनात म्हणत. याने आणतो म्हटलं, म्हणजे मीही म्हटलं. हा उद्या म्हणाला, म्हणजे मी उद्या म्हणालो. गिअर उशिरा बदलला की ते डोळे मिटूनच ताठ व्हायचे. वळण आलं की त्यांचा पाय हवेतला ब्रेक दाबायचा. छतावरचा उजेड विझला, तारवटलेल्या डोळ्यांनी ते पडून राहिले, आणि सकाळी भोंग्याने हाक मारली तेव्हा झोपून उठल्यासारखा चेहरा करून खाली उतरले.

असं त्या फेरीला झालं, पुढच्या फेरीलाही झालं. फळीवर डोळ्याला डोळा लागेना. झोपेच्या जागी त्यांना एक माणूस दिसू लागला. वकीलबाईंनी सांगितलेला तो कायद्याचा माणूस. दोन सीटच्या मधल्या जागेत तो बसलेला असायचा, हात मांडीवर ठेवून, समोर बघत. त्याला चेहरा असा नव्हता, पण तो कंटाळलेला नाही एवढं पाठीवरून कळायचं. भोंगा मोठ्याने हो म्हणाला की तो किंचित मान वळवायचा. दाजींना त्याची भीती वाटत नव्हती. उलट, घरात कोणीतरी जागं असलं की वाटतो तसा एक आधार वाटायचा. पण झोप येत नव्हती ती नव्हतीच.

दाजींची बायको, म्हणजे भोंग्याची ताई, ताडपत्र्या शिवायच्या कारखान्यात होती. गाडी तळावर लागली की दाजी तिला आणायला जायचे. मोठ्या छपराखाली हिरव्या-निळ्या ताडपत्र्यांचे डोंगर, त्यांच्यामध्ये बायका बसलेल्या, यंत्रांची सुई हाताच्या बोटाएवढी जाड. कडेला दोरी ओवायचे पितळी डोळे ठोकायचा आवाज सतत चालू. ताई कापडाच्या घडीतून बाहेर आली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "डोळे बघा कसे झालेत. झोपू देत नाही का हा तुम्हाला?"

"तो देतो की झोपू. मीच झोपत नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ताईने शिवणीत अडकलेला दोरा दातांनी तोडला.

"त्याचं हो म्हणणं तुम्हाला आजच कळलं? लहानपणी त्याने माझी सायकल तिघांना एकदम देऊन ठेवली होती."

"मग काय करू? भागीदारी नको म्हटलं तर त्याला लागेल. माझ्या नावावर केलं तर तो माझा नोकर होतो. ते मला नको."

"कागदावर काय लिहायचं ते तुम्ही दोघं ठरवा," ताई म्हणाली. "मला दोन्ही घरी जेवायला जायचंय, आणि दोन्ही घरं जागेवर असली पाहिजेत. एवढं जमवा." आणि ती हातपाय धुवायला गेली.

ठरत काहीच नव्हतं. रोपवाटिकेचा पुढचा माल आला तो लिंबाच्या रोपांचा. काळ्या पिशव्यांतली रोपं लाकडी खोक्यांत उभी करून हौद्यात एकावर एक रचली होती, वर जाळीदार कापड. दूरच्या एका नव्या बागेत पोचवायची होती. पानं घासली जाऊन गाडीभर असा वास सुटला होता की केबिनमध्येही लिंबाच्या झाडाखाली बसल्यासारखं वाटत होतं.

दुपारी दाजी चालवत होते आणि मागे भोंगा घोरत होता. रस्ता कालव्याच्या कडेने सरळ गेलेला. ऊन पांढरं, डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसायचं आणि गाडी जवळ गेली की ते पाणी पुढे पळायचं. समोरून कोणी येत नव्हतं. दाजींना त्या पळणाऱ्या पाण्यात एक दार दिसलं. ते ओळखीचं घर. ते आत गेले. पहिल्या खोलीत लिंबाचा वास होता, दुसरीत त्याहून जास्त. खिडक्या उघड्या, पडदे आत-बाहेर होत होते. आपण गाडी चालवतोय हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. तिसऱ्या खोलीत तो माणूस बसला होता, हात मांडीवर ठेवून. पहिल्यांदाच तो बोलला. आवाज मऊ होता.

"तुम्ही झोपा," तो म्हणाला. "मी बघतो."

दाजींना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी भिंतीला पाठ टेकली.

मग जमीन एका बाजूला कलली. डाव्या चाकांखालचा आवाज बदलला, डांबराचा खरखरीत सूर जाऊन मऊ मातीचा आला, आणि दाजींचा पाय त्यांच्याआधी जागा होऊन ब्रेकवर पडला. गाडी साइडपट्टीवरून घसरत, चाकं रुतवत, कालव्याच्या बांधाला टेकून थांबली. इंजिन बंद पडलं. एवढी शांतता झाली की कालव्याचं पाणी ऐकू येऊ लागलं. भोंगा फळीवरून खाली येऊन दोन सीटच्या मधल्या जागेत अडकला होता.

"पोचलो?" त्याने विचारलं.

दाजींचे हात स्टेअरिंगला चिकटले होते. भोंग्याने बाहेर पाहिलं, दाजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्यांची बोटं एकेक करून सोडवली. "उतरा," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका हळू होऊ शकतो हे दाजींना माहीत नव्हतं.

कोणाला काही लागलं नव्हतं. हौदा एका अंगाला झुकलेला, फाळका उघडून बरीच खोकी उतारावर सांडली होती. जिकडेतिकडे लिंबाची रोपं पडलेली, काही कालव्याच्या काठच्या गवतात अशी उभी राहिली होती की जणू कोणी मुद्दाम लावली आहेत. दोघं चपला काढून चिखलात उतरले. फुटलेल्या पिशव्यांतली माती भोंगा दोन्ही पंजांत गोळा करायचा, मुळांभोवती दाबायचा, दाजी कालव्याचं पाणी शिंपडायचे. शेजारच्या शेतातून एक ट्रॅक्टरवाला आला, थोडा वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि साखळी आणायला परत गेला. ऊन उतरेपर्यंत त्याने गाडी वर ओढून दिली. जाताना त्याने एक रोप मागितलं. भोंग्याने तोंड उघडलं, मग दाजींकडे बघून गप्प राहिला. दाजींनीच एक मोडक्या फांदीचं रोप उचलून त्याच्या हातात दिलं.

त्या रात्री पुढे न जाता त्यांनी गाडी एका पंपावर लावली, आणि सकाळी धुक्यात बागेवर पोचले. बागेची मालकीण उंच, उन्हाने रापलेली बाई होती. खोक्यांमधून फिरत ती मोडलेली रोपं बाजूला काढत गेली. ढीग मोठा झाला तेव्हा तिने मागे न वळताच विचारलं, "कोण चालवत होतं?"

दाजी पुढे झाले, पण भोंगा आधी बोलला.

"आम्ही."

"दोघं? एका वेळी?"

"आमच्यात तसंच असतं," भोंगा म्हणाला.

मालकिणीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मोडलेल्या रोपांची किंमत भाड्यातून वजा होईल, असं सांगून ती माणसांना हाका मारायला गेली.

रिकाम्या हौद्याच्या कडेला पाय सोडून दोघं बसले. धुकं विरळ होत होतं, त्यातून बागेतले खड्डे दिसू लागले होते, रांगेने खणलेले, अजून रिकामे. दोघं एकदम जागे असून गाडी उभी आहे, आणि घाई नाही, असं किती दिवसांनी झालं होतं कोण जाणे.

"मला झोप येत नाही," दाजी म्हणाले. "त्या जिन्यावरून उतरल्यापासून. तू चालवतोस आणि मी ऐकत पडतो. तुझा फोन, तुझा गिअर, सगळं."

भोंग्याने पाय हलवायचे थांबवले. "म्हणजे माझ्यावर भरवसा नाही तुमचा."

"होता. म्हणजे आहेच. पण तो कुठे ठेवलाय हे मी कधी बघितलं नव्हतं. आता तिथेच बघत बसतो, झालं."

"मी हो म्हणतो म्हणून."

"तू हो म्हणतोस म्हणून. आणि काल मी झोपलो म्हणून. तू मागे घोरत होतास आणि मी तुला घेऊन कालव्यात निघालो होतो. भागीदारी असती आणि काही झालं असतं, तर तुझं घर गेलं असतं माझ्या झोपेपायी. तू वर्षानुवर्षं माझ्यामागे झोपलास, तुला कधी वाटलं नाही असं?"

"मला कागद कळत नाही," भोंगा म्हणाला. "म्हणून झोप लागते." मग त्याने हाताला लागलेली माती खरवडली. "तुमच्या नावावर करा म्हणत होतो ते आळसाने नाही, दाजी. माझ्या तोंडाला लगाम नाही हे मला कळतं. समोरचा मागायला लागला की त्याचा चेहरा असा होतो, मला तो बघवत नाही. हो म्हणून टाकलं की तो चेहरा सरळ होतो. पुढचं पुढे. म्हटलं, मालक तुम्ही असलात तर माझ्या होला किंमतच राहणार नाही. बरं होईल."

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत हा माणूस त्यांना फक्त गिअरवरून माहीत होता.

"कंपनी करू," ते म्हणाले. "दोघांची सारखी. चालवताना ती काही मदत करणार नाही, ते मला काल कळलं. पण घरं तरी बाजूला राहतील. तू माझ्या झोपेला घाबरायला नको, मी तुझ्या तोंडाला."

भोंगा विचार करत राहिला. मग त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "कंपनी नाही म्हणू शकते का?"

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या कोणी गाडी मागितली, नाहीतर माल फुकट टाक म्हणाला, तर मला सांगता येईल का की माझं काही नाही बाबा, कंपनी नाही म्हणते?"

"येईल की. तसा ठरावच करू. दोघांच्या सह्या असल्याशिवाय कोणालाही शब्द द्यायचा नाही."

भोंग्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. "मग हे आधी का नाही सांगितलं त्या बाईंनी?" तो म्हणाला आणि उडी मारून खाली उतरला.

वकीलबाईंनी मसुदा केला. दोघांचे हिस्से सारखे, त्यामुळे दोघांचं पटलं नाही तर गाडी जागच्या जागी राहील, असं त्यांनी बजावलं. अशी कोंडी फोडायला तिसरा कोणीतरी हवा. दोघांनी एकदम ताईचं नाव घेतलं. ताई कारखान्यातून थेट आली, कपड्यांना ताडपत्रीच्या मेणाचा वास, आणि मसुदा सावकाश वाचायला बसली. शेजारच्या खोलीतला भागीदार मधेच येऊन सगळ्यांना पाणी देऊन गेला.

"या दोघांचं भांडण झालं तर मी ठरवायचं?" तिने विचारलं.

"हो."

"आणि दोघंही चुकत असले तर?"

"तरीही तुम्हीच."

"मग हे आधीपासून चालूच आहे," म्हणत तिने सही केली.

रोपवाटिकेचं कंत्राट झालं. मोडलेल्या लिंबांची आठवण व्यवस्थापकाने काढली, पण कंपनी नवी होती आणि लिंबं आधीची, म्हणून त्याने ती फार ताणली नाही. भोंगा नाही म्हणायला शिकला ते हळूहळू. पहिल्यांदा तो फोनवर "कंपनीला विचारून सांगतो" म्हणाला तेव्हा त्याला घाम फुटला होता. पलीकडच्या माणसाने बरं म्हणून फोन ठेवला, याचंच त्याला किती तरी वेळ नवल वाटत राहिलं. पुढे पुढे तो कंपनीबद्दल असं बोलू लागला, जणू घरातली एखादी खाष्ट म्हातारी आत्या. तिला चालत नाही. ती ऐकत नाही हो. मी कितीदा सांगितलं तिला.

दाजींची झोप मात्र लगेच परतली नाही. सही केली आणि घोरू लागले असं काही झालं नाही. काही फेऱ्या ते तसेच पडून राहिले, गिअर ऐकत. मग कधीतरी ऐकता ऐकता मधला एखादा चढ हातून निसटू लागला. एकदा त्यांना जाणवलं की दोन पूल कधी गेले ते कळलंच नाही. मधल्या जागेतला तो माणूसही दिसेनासा झाला. गेला कधी, ते दाजींना सांगता आलं नसतं. त्यांना त्याची थोडी चुटपुट लागली, हे त्यांनी फक्त ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "कागदांत बसलाय तो. जाऊन भेटा हवं तर."

एका पहाटे दाजी उठले ते गाडी थांबल्यामुळे. इंजिन बंद होतं. केबिनमध्ये निळसर उजेड, आणि भोंगा जागेवर नाही. ते खाली उतरले. गाडी एका लांब बांधाच्या रस्त्यावर उभी होती. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, एवढं स्थिर की आभाळ कुठे संपतं ते कळत नव्हतं. लांब पाण्यात पांढरे पक्षी एका पायावर उभे होते, त्यांच्याखाली तसेच उलटे पक्षी. भोंगा कठड्याला टेकून बघत होता. पाळी बदलायची वेळ केव्हाच होऊन गेली होती.

"उठवलं का नाहीस?" दाजींनी विचारलं.

"झोपला होतात." भोंगा अगदी हळू बोलत होता, पक्षी उडतील म्हणून. "मी दोनदा हाक मारली. तुम्ही झोपेत म्हणालात, खिडकी लावू नका. म्हटलं, झोपू दे."

दाजी त्याच्या शेजारी टेकले. त्यांना स्वप्नातलं काहीच आठवत नव्हतं. अंग मात्र हलकं झालं होतं, घडी उलगडून पसरलेल्या कापडासारखं. पाण्यावरून गार वारा आला. एक पक्षी उडाला, मग बाकीचे, आणि पाण्यावर जरा वेळ नुसत्या रेघा उरल्या.

"कुठे आहोत आपण?" दाजी म्हणाले.

भोंग्याने खांदे उडवले. "मलाही नीटसं ठाऊक नाही," तो म्हणाला. "पण रस्ता बरोबर आहे." त्याने खिशातून किल्ली काढून दाजींच्या हातावर ठेवली, जांभई दिली आणि फळीवर जाऊन पडला.